घरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन : तीन दिवसांचं काम एका रात्रीत

‘कॉम्प्युटर कामात आहे, कुणी हात लावू नका!’ असं घरातल्या सगळ्यांना बजावून स्वयंपाकघरात वळणाऱ्या मैत्रिणी आता छोट्या गावांतही भेटतात. कुणी बालगीतांचे व्हिडिओ बनवते, कुणी लग्नाच्या हलत्या-बोलत्या पत्रिका, कुणी शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे, तर कुणी गावातल्या सराफाची दिवाळीची जाहिरात. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, शिकवणारे व्हिडिओही मोफत असतात. चिकाटी तर आपल्याकडे असतेच. चित्रं तयार होतात, पात्रं चालू-बोलू लागतात. आणि मग शेवटच्या पायरीवर गाडी अडते. त्या पायरीचं नाव रेंडरिंग.

काम शुक्रवारी देते म्हणून कबूल केलेलं असतं. पडद्यावर मात्र दिसतं, अजून साठ तास बाकी! तेवढ्यात मुलाला प्रोजेक्ट करायचा असतो, नवऱ्याला हिशेबाची फाईल उघडायची असते. ‘तुझं ते कार्टून थांबव ना जरा,’ असं कुणीतरी सहज म्हणून जातं. ज्याला आपण काम म्हणतो, ते घरात ‘कार्टून’ ठरतं, कारण ते वेळेत पुरं होत नाही. मग एखादा जाणकार सल्ला देतो, ‘वहिनी, या मशीनवर नाही व्हायचं हे. नवीन घ्या.’ नवीन म्हणजे लाखाच्या आसपास. भिशीची पाळी लागेपर्यंत थांबायचं, की सोन्याच्या बांगडीकडे बघायचं?

मैत्रिणींनो, जरा थांबा. मशीन बदलण्याआधी, आपण मशीनला नेमकं काय काय करायला सांगतोय ते एकदा तपासून बघा. बहुतेक वेळा कॉम्प्युटर हळू नसतो. आपण त्याला कुणालाही न दिसणारं काम करायला लावलेलं असतं.

रेंडरिंग म्हणजे नेमकं काय?

अ‍ॅनिमेशन म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. एका सेकंदाला साधारण २४ चित्रं. या एकेका चित्राला म्हणतात फ्रेम. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली, ती अशीच एकेक चित्र जोडून. रोप वाढेल तसं रोज एक चित्र! त्यांच्या कामात सरस्वतीबाईंचा मोठा वाटा होता. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं ही कामं त्या घरात करत. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा सुरू झाला तोच मुळी घरातून आणि एकेका फ्रेमच्या हिशेबानं.

आता ती फ्रेम कॉम्प्युटर बनवतो. रांगोळीचे ठिपके आठवा. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचा. तो ठरवताना कॉम्प्युटर प्रकाशाचा माग काढतो. खिडकीतून आलेला उजेड समईवर पडला, तिथून भिंतीवर गेला, भिंतीवरून पाटावर आला... या सगळ्या प्रवासाचं गणित एकेका ठिपक्यासाठी शेकडो वेळा होतं. अशी २४ चित्रं झाली की कुठे एक सेकंद!

मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नव्हती. १९९५ मध्ये आलेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण कॉम्प्युटरवर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यासाठी ११७ कॉम्प्युटर रात्रंदिवस चालत होते. एकेका फ्रेमला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागत होता, आणि फ्रेम होत्या एक लाख चौदा हजारांच्या वर. तेव्हा आपल्या टेबलावरच्या एकट्या कॉम्प्युटरला धाप लागली तर नवल नाही.

आधी हिशेब मांडा

किराणा भरण्याआधी यादी करतो, तसा रेंडरिंगच्या आधी हिशेब करायचा. समजा, दिवाळी फराळाची ३० सेकंदांची जाहिरात आहे. ओट्यावर चकलीचं ताट, शेजारी पितळी समई, मागे काचेच्या बरण्या. ३० गुणिले २४ म्हणजे ७२० फ्रेम. एका फ्रेमला ६ मिनिटं लागत असतील तर झाली ४३२० मिनिटं, म्हणजे ७२ तास. पूर्ण तीन दिवस आणि तीन रात्री!

पण गंमत बघा, एका फ्रेममागे फक्त एक मिनिट वाचवलं तर एकूण १२ तास वाचतात. म्हणून सगळं लक्ष द्यायचं ते एका फ्रेमवर.

शितावरून भाताची परीक्षा करायची. सगळी जाहिरात लावून देण्याआधी सुरुवातीची, मधली, शेवटची आणि सगळ्यात जास्त गर्दी असलेली, अशा चार-पाच फ्रेम काढून बघा. प्रत्येकीला किती वेळ लागला ते वहीत लिहा. एक-एक सेटिंग बदला, पुन्हा वेळ लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. पात्राची हालचाल तपासायला तर रेंडरिंग लागतच नाही. पडद्यावर काम करताना जसं साधं चित्र दिसतं, त्याचाच व्हिडिओ काढता येतो. ब्लेंडरमध्ये ‘व्ह्यू’च्या यादीत ही सोय आहे आणि ती बरीच झटपट होते. हात भलतीकडेच वळतोय हे तीन दिवसांनी कळण्यापेक्षा पाच मिनिटांत कळलेलं बरं, नाही का?

जेवढं दिसतं, तेवढंच करा

पहिला प्रश्न : हा व्हिडिओ बघणार कशावर? मोबाईलवर बघायचा असेल तर फोर-केचा हट्ट कशाला? फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. आपली जाहिरात फोर-केवरून फुल एचडीवर आणली, की सहा मिनिटांची फ्रेम ढोबळमानानं दीड मिनिटावर येते. ७२ तासांचे झाले १८ तास. आणि मोबाईलवर बघणाऱ्याला कळणारही नाही.

दुसरा प्रश्न ‘सॅम्पल्स’चा. कॉम्प्युटर एका ठिपक्याचा रंग ठरवायला प्रकाशाचे किती किरण तपासतो, तो हा आकडा. कमी ठेवला तर चित्र रवाळ दिसतं, जणू त्यावर बारीक रवा सांडलाय. ब्लेंडरच्या ‘सायकल्स’ या पद्धतीत हा आकडा मुळात ४०९६ इतका मोठा ठेवलेला असतो. आपण त्याला हात लावत नाही, कारण जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं. पण इथलं गणित महाग आहे. रवाळपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात.

त्यापेक्षा सॅम्पल्स २५६ किंवा १२८ वर आणा आणि ‘डीनॉइज’ची खूण चालू करा. हे डीनॉइज म्हणजे चुरगळलेल्या साडीवर फिरवलेली इस्त्री. उरलेला रवाळपणा ते पुसून टाकतं. शेजारीच ‘नॉइज थ्रेशोल्ड’ असतं. ते थोडं वाढवलं, की जिथे चित्र पुरेसं स्वच्छ झालंय तिथे कॉम्प्युटर लवकर थांबतो. साध्या भिंतीवर वेळ घालवत नाही, समईच्या चकाकीवर घालवतो. एवढ्यानं वेळ निम्मा झाला असं धरलं, तरी आपली फ्रेम ४५ सेकंदांवर आली. ७२० फ्रेमचे झाले ९ तास. रात्री दहाला लावा, सकाळी सातला तयार!

एक काळजी मात्र घ्या. सॅम्पल्स फारच कमी ठेवले तर डीनॉइज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा अंदाज बांधतं, आणि व्हिडिओत भिंती थरथरल्यासारख्या दिसतात. एका चित्रात हे कळत नाही. म्हणून सलग दहा-पंधरा फ्रेम काढून, जोडून बघायच्या आणि मगच पुढे जायचं.

तिसरी गोष्ट, प्रकाशाच्या उड्या. ‘लाइट पाथ्स’ या भागात एकूण १२ उड्यांची परवानगी असते. साध्या खोलीच्या दृश्याला चार-पाच बऱ्याचदा पुरतात. आपल्या जाहिरातीत काचेच्या बरण्या आहेत, तर काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या उड्या जरा जास्त ठेवा, नाहीतर बरण्या काळ्या दिसतील. तिथेच ‘कॉस्टिक्स’ असतं. काचेतून गेलेल्या उजेडाची टेबलावर पडणारी चमकदार नक्षी त्यानं येते. तिची गरज नसेल तर ते खुशाल बंद करा.

आणि मागच्या फळीवरचा तो डबा! कॅमेऱ्यापासून लांब, नखाएवढा दिसणारा. त्याच्यावर भलंमोठं चित्र चिकटवलेलं असतं आणि कडा गुळगुळीत करायला लाखो तुकडे पाडलेले असतात. लांबच्या वस्तूंचं वजन कमी करा. ‘सिम्प्लिफाय’ ही खूण लावून ते सगळ्या दृश्याला एकदम करता येतं.

कार्ड आहे, पण चालू आहे का?

काही घरांतल्या कॉम्प्युटरमध्ये मुलाच्या गेमसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड असतं. पण ब्लेंडर ते आपणहून वापरेलच असं नाही. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘सिस्टिम’ उघडा, कार्डाच्या नावापुढे खूण करा, आणि मग रेंडरच्या पानावर ‘सीपीयू’च्या जागी ‘जीपीयू कॉम्प्युट’ निवडा. दोन्ही ठिकाणी करायचं बरं का, एकाच ठिकाणी करून चालत नाही.

फरक का पडतो? सीपीयू म्हणजे एक कुशल सुगरण. काहीही अवघड करेल, पण हात मोजकेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पापड लाटायला ओळीनं बसलेल्या शेकडो बायका. प्रत्येकीचं काम सोपं, पण सगळ्यांचं एकाच वेळी चाललेलं. लाखो ठिपक्यांना रंग देणं हे पापड लाटण्यासारखंच काम आहे. मात्र कार्डाची स्वतःची मेमरी मोजकी असते. दृश्य तिच्यात मावलं नाही तर काम रखडतं किंवा थांबतं. म्हणून वर सांगितलेलं वजन कमी करणं इथेही कामाला येतं. कार्ड फार जुनं असलं तर ब्लेंडरची नवी आवृत्ती ते ओळखत नाही. अशा वेळी जुनी आवृत्ती घ्यावी, तीही मोफतच मिळते.

तवा एकदाच तापवा

प्रत्येक पोळीनंतर गॅस बंद करून पुढच्या पोळीला तवा नव्यानं तापवला तर? कॉम्प्युटर नेमकं हेच करतो. प्रत्येक फ्रेम झाली की सगळं दृश्य मेमरीतून काढून टाकतो आणि पुढच्या फ्रेमला पुन्हा भरतो. ‘पर्सिस्टंट डेटा’ ही खूण लावली, की न बदललेल्या वस्तू तशाच ठेवल्या जातात. मेमरी थोडी जास्त लागते, पण स्थिर दृश्यात प्रत्येक फ्रेममागचे सेकंद वाचतात.

याच्याही पुढची युक्ती आहे. कॅमेरा हलत नसेल आणि मागे स्वयंपाकघर तसंच राहणार असेल, तर ते ७२० वेळा कशाला रंगवायचं? मागचं दृश्य एकदाच, छान, भरपूर सॅम्पल्स देऊन काढा. मग ‘फिल्म’मध्ये ‘ट्रान्स्परंट’ निवडून फक्त हलणारं पात्र पारदर्शक पार्श्वभूमीवर काढा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवा. पात्राची सावली जमिनीवर पडायला हवी, त्यासाठी ‘शॅडो कॅचर’ वापरतात. हातानं काढलेल्या कार्टून फिल्मही अशाच बनत. मागचं चित्र एक, आणि त्यावर पारदर्शक कागदावरची पात्रं.

त्या काळची आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. चित्रकार बऱ्याचदा सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं काढत आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवत. आपणही ‘फ्रेम स्टेप’ २ ठेवून एकाआड एक फ्रेम काढू शकतो. काम सरळ निम्मं! व्हिडिओ जोडताना सेकंदाला १२ चित्रं ठेवायची. बालगीतांना ही ढब शोभून दिसते. कॅमेरा सरकत असेल तर मात्र धक्के जाणवतात, तिथे ती नको.

वीज गेली तर?

छोट्या गावात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रेंडरिंग कधीही थेट व्हिडिओ फाईलमध्ये करू नका. मध्येच वीज गेली तर ती अर्धवट फाईल बहुधा उघडत नाही, आणि आठ तासांची मेहनत पाण्यात. त्याऐवजी पीएनजी चित्रांच्या रूपात साठवा. प्रत्येक फ्रेम म्हणजे एक वेगळी फाईल. चारशेव्या फ्रेमला वीज गेली तरी आधीच्या ३९९ सुखरूप असतात.

‘आउटपुट’च्या पानावर ‘ओव्हरराइट’ची खूण काढून टाका. वीज आल्यावर पुन्हा सुरू केलं, की झालेल्या फ्रेम सोडून कॉम्प्युटर पुढच्या फ्रेमपासून काम उचलतो. सगळ्या झाल्या की ब्लेंडरमध्येच त्या ओळीनं जोडून व्हिडिओ करता येतो. त्याला काही मिनिटं पुरतात. एखादीच फ्रेम बिघडली असेल तर तेवढीच फाईल काढून टाकायची आणि तेवढीच पुन्हा करायची.

घरात दोन कॉम्प्युटर असतील तर आणखी छान. दोघांवर तीच फाईल उघडा, चित्रं साठवायचा फोल्डर एकच ठेवा, ओव्हरराइट बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू. एकानं घेतलेली फ्रेम दुसरा सोडून देतो. एक लक्षात ठेवा, मध्येच वीज गेली तर चालू फ्रेमची रिकामी फाईल मागे राहते. ती काढून टाकल्याशिवाय ती फ्रेम पुन्हा होत नाही.

गादी, धूळ आणि उन्हाळा

तापलेला कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून हळू चालतो. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून रेंडरिंग लावलं, तर खालची हवेची भोकं बंद होतात आणि वेग घसरतो. कडक टेबलावर ठेवा, मागची बाजू जराशी उचला. पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करा. चार्जर लावलेलाच असू द्या, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप मंद चालतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हे काम रात्रीचंच. आणि झोपण्यापूर्वी कॉम्प्युटरची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद केली ना, ते बघा. नाहीतर तुमच्याआधी तोच झोपायचा!

विजेच्या बिलाचाही विचार हवा. ३०० वॅट खाणारा कॉम्प्युटर ९ तास चालला तर २.७ युनिट होतात. ७२ तास चालला तर २१ युनिटच्या वर. ग्राहकाला कामाचा दर सांगताना हा खर्च धरायला विसरू नका. घरातली वीज फुकटची नसते, आणि घरातल्या बाईचा वेळही.

सावड घालायची

पेरणी-काढणीच्या दिवसांत गावाकडे सावड घालतात. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. रेंडरिंगमध्येही अशी सावड आहे. ‘शीपइट’ नावाच्या मोफत सेवेत जगभरचे लोक आपला रिकामा कॉम्प्युटर दुसऱ्यांच्या फ्रेमसाठी देतात, त्याचे गुण मिळतात आणि आपलं काम आलं की इतरांचे कॉम्प्युटर ते वाटून घेतात. फाईल चढवायला इंटरनेट बरं लागतं, आणि आपलं दृश्य परक्या मशीनवर जातं. म्हणून ग्राहकाचं गुपित काम असेल तर विचारूनच. पण तुमच्याच गावात अ‍ॅनिमेशन करणाऱ्या तिघी-चौघी असाल, तर आपसात सावड घालायला कुणाची हरकत आहे? फ्रेम वाटून घ्या. पहिल्या दोनशे तुझ्याकडे, पुढच्या दोनशे माझ्याकडे. पेनड्राइव्हवरही जमतं. फक्त ब्लेंडरची आवृत्ती सगळ्यांकडे एकच हवी.

‘फ्लो’चं मांजर काय सांगतं?

एवढं करूनही भागत नसेल तर पद्धतच बदलायची. ब्लेंडरमध्ये २०१९ पासून ‘ईव्ही’ नावाची दुसरी पद्धत आहे. सायकल्ससारखा प्रत्येक किरणाचा माग न काढता, व्हिडिओ गेमसारख्या हुशार अंदाजानं ती चित्र रंगवते. काच, पितळ, बारीक सावल्या यांत थोडी कमी पडते, पण वेगात कितीतरी पुढे.

‘म्हणजे दुय्यम दर्जाचं,’ असं कुणी म्हणालं तर त्यांना ‘फ्लो’ या चित्रपटाबद्दल सांगा. लाटव्हिया या छोट्याशा देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाचा हा चित्रपट. पुरात सापडलेल्या एका मांजराची गोष्ट, एकही संवाद नसलेली. तो ब्लेंडरमध्ये बनला, ईव्हीनं रंगवला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. अंतिम रेंडरिंग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर झालं. फोर-केची एकेक फ्रेम अर्ध्या ते दहा सेकंदांत होत होती. त्यामागे लाटव्हियाबरोबरच फ्रान्स आणि बेल्जियममधल्या कलाकारांची अनेक वर्षांची मेहनत होती, हे खरंच. पण मांजराच्या अंगावरचा एकेक केस खराखुरा दाखवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. रंगाच्या फटकाऱ्यांसारखं रूप निवडलं, आणि तेच त्या चित्रपटाचं सौंदर्य ठरलं.

मग नवीन मशीन घ्यायचंच नाही?

घ्यायचं की! पण केव्हा? हे सगळं करून झालं, कामं नियमित येऊ लागली आणि वहीतले आकडे सांगू लागले की आता वेळ मशीनमुळेच जातोय, तेव्हा. त्या वेळी तुम्हाला हेही कळलेलं असेल, की पैसा ग्राफिक्स कार्डावर घालायचा की मेमरीवर. दुकानदार सांगेल ते घेण्याची पाळी येणार नाही. कामानं कमावलेल्या पैशातून घेतलेल्या मशीनला घरात ‘तुझं ते कार्टूनचं खोकं’ असंही कुणी म्हणत नाही.

तोवर एक वही घ्या, एक फ्रेम निवडा आणि आज रात्रीच वेळ लावून बघा. सहा मिनिटांची साडेपाच झाली तरी तीस सेकंदांच्या जाहिरातीमागे सहा तास वाचले. तेवढ्यात एक रात्रीची झोप नीट होते!